हातच्या काकणाला आरसा

आमच्या गावात मला तोंडावर 'चित्रवाले' म्हणतात आणि माघारी 'दीडशहाणा'. दोन्ही नावं मी मेहनतीने कमावली आहेत, त्यामुळे तक्रार नाही. धंदा फ्रेमांचा. कुणाच्या आजोबांचा मिशांवाला फोटो असो, शाळेचं प्रशस्तिपत्रक असो की कपाटाचा आरसा, चार पट्ट्या जोडायच्या, काच बसवायची, मागे पुठ्ठा लावून खिळे ठोकायचे. माझ्या हातात कला आहे असं मी सांगतो. बायको म्हणते, तोंडात आहे.

पण आमचं पोट भरतं ते एका चित्रावर. फार पूर्वी कुणी एक परका कलावंत आमच्या डोंगरात फिरत आला, खालच्या पुलावर बैठक मारून बसला आणि समोर दिसलं ते त्याने तांब्याच्या पत्र्यावर कोरून काढलं. पत्र्याला शाई फासायची, वर कागद दाबायचा, की झालं चित्र तयार. त्याची एक मूळ प्रत माझ्या वडिलांनी कुठूनशी मिळवली, दुकानातल्या भिंतीवर टांगली आणि तिच्यावरून नकला छापून घेतल्या. तेव्हापासून गावात हवा खायला आलेला प्रत्येक पाहुणा जाताना ते चित्र काखेत मारून नेतो. खाली सुबक अक्षरांत गावाचं नाव आहे, त्यामुळे कुठे जाऊन आलो हे शेजाऱ्यांना वेगळं सांगावं लागत नाही.

चित्रात मधोमध नदी आहे. मागे दोन शिखरं, एक थोरलं, एक धाकटं. एका काठाला घड्याळाचा मनोरा. आणि डाव्या काठाला, अगदी पाण्यालगत, कोरीव लाकडी सज्जाचं एक दुमजली घर. आता तुम्ही खालच्या पुलावर उभे राहा आणि वर बघा. डाव्या काठाला, पाण्यालगत, सज्जाचं जे दुमजली घर दिसेल ते माझं. वर आम्ही राहतो, खाली दुकान. दारावर मी मोठ्या अक्षरांत पाटी लावली होती: 'चित्रातलं घर'.

समोरच्या उजव्या काठाला तसंच सज्जाचं दुसरं घर आहे. ते माझ्या ताईचं, म्हणजे तिच्या सासरचं. चित्रात मात्र त्या जागी घरबिर काही नाही. तिथे एक गाय चरते आहे, तीही आपल्याकडे पाठ करून. यावरून मी ताईला जन्मभर चिडवलं. तिच्याकडे चहाला गेलो की दारातूनच विचारायचो, "गाय आहे का घरात?" ती म्हणायची, "गाय नाही, पण बैल आत्ताच आला."

ताई माझ्याहून बरीच मोठी. आई गेली तेव्हा मी इतका लहान होतो, की मला आई म्हणून ताईच आठवते. माझं खाणंपिणं, आजारपण, केस विंचरणं, कान उपटणं, सगळं तिने केलं. लग्न होऊन ती नदीपलीकडे गेली, तेही सज्जातून हाक मारली तर ऐकू येईल इतक्याच लांब. मेहुणे लवकर गेले, मूलबाळ नाही. तेव्हापासून ती सज्जात बसून स्वेटर विणते. डोंगरातली थंडी, त्यामुळे गिऱ्हाइकाला तोटा नाही. आता तिची नजर अधू झाली आहे. सज्जात ऊन असतं तोवर सुया चालतात, ऊन गेलं की ती सुया खाली ठेवते आणि नदीकडे बघत बसते.

तर ते चित्र. त्यात काही अडचणी होत्या, नाही असं नाही. चित्रात मनोरा उजव्या काठाला आहे, गावात तो डाव्या काठाला, माझ्या घराच्या मागे आहे. मी पाहुण्यांना सांगायचो, की पुराच्या भीतीने आमच्या पूर्वजांनी तो दगड न् दगड सुटा करून इकडे आणून उभारला. चित्रात धाकटं शिखर थोरल्याच्या डाव्या अंगाला आहे, आणि प्रत्यक्षात उजव्या. त्यावर म्हणायचो, भूकंपात इकडचं खचलं आणि तिकडचं वर आलं. पाहुणे 'बापरे' म्हणायचे आणि चित्र विकत घ्यायचे. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, मी तर अंगण राहू दे, डोंगर वाकडा केला. पण चित्र चुकलं असेल, हा विचार माझ्या डोक्याला कधी चाटूनसुद्धा गेला नाही.

तिसरी अडचण माणसांची. चित्रातला सुतार डाव्या हाताने हातोडी मारतो. म्हाताऱ्याची काठी डाव्या हातात. नावाडी, धोबीण, दगड भिरकावणारं एक कार्टं, सगळे डावखुरे. मला मात्र ती अडचण कधी वाटलीच नाही, कारण मी स्वतः डावखुरा आहे. शाळेत मास्तरांनी डाव्या हाताने लिहितो म्हणून माझ्या त्याच हातावर लाकडी पट्टी मोडली होती. मी रडत घरी आलो, तर ताईने मला उचलून चित्रासमोर धरलं आणि एकेक माणूस बोटाने दाखवला. "बघ, आपले सगळे पूर्वज डावखुरे. हे अस्सल गावकरी. उजव्या हाताचे आहेत ते मागून आलेले उपरे." दुसऱ्या दिवशी मी हे मास्तरांना ऐकवलं आणि पुन्हा मार खाल्ला, पण त्या वेळी ताठ मानेने. तेव्हापासून माझी मान वाकली नाही.

मग तो रस्ता आला. बस थेट वरपर्यंत जावी म्हणून नदीकाठचा एक रस्ता रुंद करायचा असं नगरपालिकेने ठरवलं. ज्या काठाचा रस्ता रुंद होईल, तिथल्या घरांचा पुढचा भाग जाणार, म्हणजे सज्जा आणि त्यामागची खोली. कामावर एक तरुण इंजिनिअर बाई होत्या. त्यांनी भरसभेत सांगितलं, "मोजमापाच्या दृष्टीने दोन्ही काठ सारखेच आहेत. ज्या काठाला जुनं, जपण्यासारखं काही असेल तो आपण सोडू."

झालं. उचलली जीभ लावली टाळ्याला. मी भिंतीवरचं चित्र काढून सभेलाच घेऊन गेलो होतो. ते वर धरलं, घरावर बोट ठेवलं, मनोरा, भूकंप, डावखुरे पूर्वज, सगळं ऐकवलं, आणि शेवटी आवाज चढवून म्हणालो, "मंडळी, हातच्या काकणाला आरसा कशाला?" टाळ्या पडल्या. मी मान लववून त्या घेतल्या. मागच्या रांगेत ताई विणत बसली होती. तिने एकदा मान वर केली, चित्राकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि पुन्हा टाके मोजायला लागली.

डावा काठ वाचला. ताईच्या घराच्या भिंतीवर लाल रंगाच्या फुल्या पडल्या. मी तिच्याकडे गेलो तेव्हा ती लोकरीचे गुंडे सज्जातून मागच्या खोलीत नेत होती. त्या खोलीला डोंगराच्या बाजूला एक खिडकी आहे, तिच्यातून उजेड येतो असं म्हणणं म्हणजे उजेडाचा अपमान आहे.

"इथे तुला दिसणार कसं?" मी विचारलं.

"बोटांना कुठे डोळे लागतात," ती म्हणाली. "तुझं घर राहिलं ना, मग झालं."

"माझ्या सज्जात येऊन बसत जा की," मी मोठ्या मनाने म्हणालो. तिचा सज्जा मी घालवला होता आणि आता माझ्यातला कोपरा तिला देऊ करत होतो. माझं मन किती मोठं आहे याचं त्या दिवशी मलाच कौतुक वाटलं.

पुढच्याच आठवड्यात एका लॉजवाल्याने कपाटाचा भलामोठा आरसा दुरुस्तीला पाठवला. खालची पट्टी सुटली होती. मी तो भिंतीला टेकवला आणि त्याच्यासमोर जमिनीवर मांडी ठोकून बसलो. पट्टी बसवून झाली, मान वर केली, तर समोर गाव दिसलं. आधी वाटलं, खिडकी उघडी राहिली. मनोरा डावीकडे, जिथे आहे तिथे. धाकटं शिखर उजवीकडे, जिथे आहे तिथे. सुतार उजव्या हाताने हातोडी मारतोय. मग लक्षात आलं, की तिथे खिडकी नाहीच. माझ्या पाठीमागच्या भिंतीवरचं चित्र आरशात पडलं होतं.

सज्जाचं घर उजव्या काठाला होतं, ताईच्या. आणि डाव्या काठाला, जिथे मी त्या क्षणी मांडी घालून बसलो होतो, तिथे गाय चरत होती. आमच्या घराण्याचा चित्रातला सगळा मान म्हणजे एक शेपूट. माझं घर तर तेव्हा बांधलेलंच नव्हतं. मागाहून कुणीतरी ताईच्या सासरचं घर बघून त्याची नक्कल केली असणार. नकला विकण्याचा आमचा धंदा असा पिढीजात निघाला.

कसं झालं असेल ते मला लगेच कळलं, कारण तोच गाढवपणा मी स्वतः केला होता. एकदा मी दुकानाचा लाकडी शिक्का घरीच कोरला. अक्षरं सरळ कोरली आणि कागदावर ती उलटी उमटली. बायको आठवडाभर मला उलटी हाक मारत होती. त्या कलावंताने गावाचं नाव उलटं कोरायचं भान ठेवलं, म्हणून ते सुलट छापलं गेलं. गाव मात्र दिसलं तसं कोरलं आणि डावं ते उजवं झालं. या दुकानात मी जन्मभर आरसे बसवले, आणि समोरच्याच भिंतीला ते चित्र होतं. पण आरशात बघायला लागलो की मी भांग बघतो, मिशी बघतो, हसून बघतो. माझ्या मागे काय आहे हे बघायला मला सवड नव्हती.

खरं सांगतो, मी पहिलं काम काय केलं असेल तर उठून आरशावर चादर टाकली. कुणाला कळणार होतं? गावाला कळायचं असतं तर कधीच कळलं असतं. तेवढ्यात बायको वरून खाली आली.

"आरशाला थंडी वाजतेय का?" तिने विचारलं आणि चादर ओढली. आधी कपाळावरची बट मागे सारली. मग बराच वेळ नुसती बघत राहिली.

"म्हणजे ती गाय..."

"हो."

"आपल्या दुकानात चरतेय."

ती स्टुलावर बसली. "ताईंना सांगितलंत?"

"अगं, सांगितलं तर आपला सज्जा जाईल. ही खोली जाईल. दुकान मागे न्यावं लागेल, कोण येईल तिथे?"

"ते मला कळतं. मी काय विचारलं? ताईंना सांगितलंत का?"

ताईकडे जायचं धाडस झालं नाही. मी सरळ इंजिनिअर बाईंच्या ऑफिसात गेलो आणि म्हणालो, चित्र उलटं आहे, ते घर माझं नाही, समोरचं आहे. बाईंनी पेन खाली ठेवलं. मग माझी उलटतपासणी सुरू झाली, आणि वाईट म्हणजे साक्षीदार मीच होतो.

"मनोरा दगड न् दगड सुटा करून हलवला, असं तुम्हीच सभेत सांगितलंत."

"ते मी रचलं."

"आणि भूकंप?"

"तोही मीच केला."

"आणि गावाचे पूर्वज डावखुरे होते ते?"

"ते मी नाही रचलं," मी म्हणालो. "ते मला ताईने सांगितलं होतं."

बाईंनी माझ्याकडे जरा काळजीने बघितलं. "घर वाचवायला खोटं बोलणारे मी पुष्कळ पाहिलेत. स्वतःचं घर पाडून घ्यायला कुणी येत नाही. घरी सगळं ठीक आहे ना? बहिणीने काही दबाव आणला का?"

पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात, पण हा घडा मीच पालथा घालून ठेवला होता. गावाला खोटं इतकं पक्कं शिकवलं होतं, की आता खरं सांगायला मला जागाच उरली नव्हती. शेवटी हात जोडून म्हणालो, "बाई, एकदा पुलावर या. सगळ्यांना घेऊन या."

आले सगळे. अध्यक्ष आले, सभासद आले, रिकामटेकडे तर न बोलावता आले. लॉजवाल्याचा आरसा मी आणि बायकोने दोन बाजूंनी धरून पुलावर नेला. जाताना वाटेतल्या भाजीवाल्याने विचारलं, "कुणाची पाठवणी?" ताईला बायको आधीच जाऊन घेऊन आली होती. चित्र मी कठड्याला उभं केलं, आरसा त्याच्यासमोर धरला आणि म्हणालो, "बघा."

अध्यक्षांनी बघितलं आणि केस सारखे केले. एका सभासदाने दात तपासले. इंजिनिअर बाईंनी गालावरची धूळ पुसली. मला हसू यायला हवं होतं, पण रडू यायला लागलं, कारण त्या रांगेतला सगळ्यात पहिला मीच होतो. "मंडळी, स्वतःला नंतर बघा," मी म्हणालो. "मागचं बघा." मग कुणी आरशाकडे बघे, कुणी वर शिखरांकडे, पुन्हा आरशाकडे. बाईंनी मनोऱ्याकडे बघितलं, आरशात बघितलं आणि वहीतल्या दोन ओळी खोडल्या. ताई तेवढी आरशाकडे बघत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती.

"मग यांचं घर चित्रात कुठे आहे?" अध्यक्षांनी विचारलं.

"तिथे गाय आहे," बायकोने सांगितलं.

गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "काय हो चित्रवाले, हातच्या काकणाला आरसा कशाला?" पूल हसला. थोड्या वेळाने मीही हसलो.

लाल फुल्या नदी ओलांडून माझ्या भिंतीवर आल्या. अति शहाणा त्याचा बैल रिकामा; माझ्या बैलाने तर गोठाही घालवला. दुकान मागच्या खोलीत गेलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. सज्जाचे खांब उतरवले त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. बायकोने जुनी पाटी काढली आणि म्हणाली, नवी लिहा, 'चित्रातली गाय'. मी रागाने लिहिली. पाहुण्यांना ती इतकी आवडली, की आता ते पाटीसमोर उभं राहून फोटो काढतात. 'चित्रातलं घर' ही पाटी मी ताईला नेऊन दिली. ती तिने लोकरीच्या पेटीवर झाकण म्हणून ठेवली आहे.

परवा दुपारी तिच्याकडे गेलो. ती सज्जात बसली होती, मांडीवर ऊन होतं आणि समोर माझ्या घराची सपाट झालेली भिंत. मी बराच वेळ इकडचं तिकडचं बोललो. मग विचारलं, "ताई, पुलावर तू आरशात बघितलं नाहीस."

"मी ते कधीच बघितलंय."

"कधी?"

"आई गेल्यावर तुझे केस कोण विंचरायचं? दुकानातल्या आरशासमोर स्टुलावर बसवायचे तुला. तू आपला स्वतःकडे बघत बसायचास. मी मागे उभी. आरशात तू, आणि तुझ्यामागे गाव." तिने सुई फिरवली. "मला दुसरं काय होतं बघायला?"

"मग सभेत बोलली का नाहीस? तुझा सज्जा जात होता, ताई. इथलं ऊन जात होतं."

ती ओळ संपेपर्यंत थांबली. "तुझा हात केवढा सुजला होता रे तेव्हा. काहीतरी दाखवायला हवं होतं तुला. ते दाखवलं, आणि तू रडायचा थांबलास. आता या वयात तुला सांगू, की ती सगळी माणसं उजव्या हाताची आहेत?"

मी माझ्या डाव्या हाताकडे बघितलं. पुलावर सगळ्या गावासमोर मी ते चित्र सुलट करून दाखवलं होतं, घराचा विचार केला होता, दुकानाचा केला होता. आरशात सुताराचा उजवा हात दिसूनही हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

"म्हणजे चित्रात डावखुरं कुणीच नाही?"

"नाही. तू एकटाच."

माझे डोळे भरून आले. ताईने ते बघितलं नसेल, तिला आता इतक्या जवळचं नीट दिसत नाही. किंवा बघितलं असेल. तिने पेटीवरची पाटी बाजूला केली, आतून लोकरीची लड काढली आणि म्हणाली, "रिकामा बसलायस तर हात पुढे कर, गुंडा करायचाय." मी सवयीने डावा पुढे केला. तिने त्यात लड अडकवली आणि मग उजवा मागून घेतला.